भित्तिपत्रकाद्वारे संशोधनाची मांडणी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात अंबड येथे केलेले भाषण)



आपल्या मंडळातील मुलेमुली आता महाविद्यालयांत केवळ परीक्षाच देत नाहीत, तर संशोधनही करू लागली आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. ते संशोधन विद्वानांपुढे मांडण्याची एक रीत भित्तिपत्रकाची, म्हणजे ज्यास मुले ‘पोस्टर’ म्हणतात त्याची आहे. तिजविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे.

ही रीत फार जुनी नव्हे. अमेरिकेत १९७४ साली मिनिआपोलिस येथे जीवरसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत ती अवलंबिली गेली व पुढे सर्वत्र रुळली. कारण उघड आहे. निबंध वाचणारे शेकडो आणि व्यासपीठ एक. भिंतीवर मात्र एकाच वेळी शेकडो निबंध टांगता येतात. आपल्या राज्यात २००६ पासून विद्यापीठांचा ‘आविष्कार’ हा संशोधन महोत्सव सुरू झाला. सहा विद्याशाखांच्या त्या स्पर्धेत विद्यार्थ्याची पहिली गाठ भित्तिपत्रकाशीच पडते.

आम्ही पाहिलेली बहुतेक पत्रके अक्षरांनी गच्च भरलेली असतात. सबंध प्रबंध मीटरभर कागदावर उतरविलेला, आणि फ्लेक्स छापणाऱ्याने त्यास वाढदिवसाच्या फलकासारखी वेलबुट्टी जोडलेली! (ती मुलांस आवडते, हे आणखी विशेष.) समजा, विषय द्राक्षबागेच्या पाण्याचा आहे. पाणी किती दिले व माल किती निघाला, एवढा एकच आलेख मध्यभागी ठळक काढावा. निष्कर्ष एका वाक्यात, चार पावलांवरून वाचता येईल अशा अक्षरांत लिहावा. बाकीचे तोंडी सांगावे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी हेच करीत आले आहेत. चित्र पुढे धरावयाचे आणि रामायण-महाभारतातील कथा मुखाने गावयाची.

परंतु खरी अडचण येथेच आहे. अंबडच्या कामगारवस्तीतील आपली मुले काम मन लावून करतात; परीक्षक समोर येताच मात्र इंग्रजीच्या भयाने त्यांची वाचा बसते. कागद गच्च भरण्याचा मोहही त्या भयातूनच होतो. मग ज्यास बोलता येते तो पुढे जातो, आणि ज्याने श्रम केले तो पत्रक गुंडाळून घरी येतो.

म्हणून मंडळास आमची विनंती आहे की, स्पर्धेपूर्वीच्या एखाद्या रविवारी ही पत्रके येथील सभागृहात टांगावीत. आजीबाईंनी, रात्रपाळी करून आलेल्या कामगारबंधूंनी “हे काय, आणि कशावरून?” असे विचारावे. मुलांनी तीन मिनिटांत मराठीत उत्तर द्यावे. ते जमले की मग इंग्रजीत. चहाचा खर्च आम्ही सोसू. भिंतीस खिळे तेवढे मंडळाने ठोकून द्यावेत.