रुग्णसेवा सोपविताना
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी हा ट्रस्ट स्थापन झाला, त्या काळी घरातील वृद्ध अंथरुणाला खिळले तर त्यांच्या उशाशी सून, मुलगी, नातू यांपैकी कोणी ना कोणी असे. आज वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील कितीतरी घरांतील मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी आहेत. जी जवळ आहेत, त्यांच्यामागे दुकान वा नोकरी आहे. अशा वेळी पगारी रुग्णसेवक ठेवावा लागतो आणि आई-वडिलांची सेवा परक्याच्या हाती दिली, ही खंत मनाला लागून राहते. ही खंत कितपत योग्य, आणि माणूस निवडावा कसा, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सहा अभ्यंतर तपे सांगितली आहेत. त्यांत वैयावृत्त्याला ध्यान आणि स्वाध्याय यांच्या पंक्तीत स्थान आहे. ज्यांचे वैयावृत्त्य करावयाचे त्या दहांमध्ये 'ग्लान', म्हणजे रोगाने क्षीण झालेला, याचा स्वतंत्र उल्लेख आहे. हा उपदेश मुख्यतः मुनिसंघाला उद्देशून असला तरी गृहस्थाला त्यातून वाट दिसते. रुग्णसेवा हे हलके काम नव्हे, ते तप आहे.

या तपाचे उदाहरण याच जिल्ह्यात घडले. संस्कृतचे विद्वान परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन १९३९ साली सेवाग्रामला आले. महात्मा गांधींनी त्यांना आश्रमातच ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केले. परचुरे कुटी आजही तेथे पाहावयास मिळते. विनोबांच्या प्रेरणेने मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूर येथे १९३६ सालीच कुष्ठसेवा आरंभिली होती. शास्त्रीजींचा अखेरचा काळ त्या दत्तपुरात गेला. तेव्हा जाणत्या हातांकडे रुग्ण सोपविणे म्हणजे त्याचा त्याग नव्हे. दोष लागतो तो सोपवून विसरण्याचा.

निवड करताना प्रथम गरज कागदावर मांडावी. नाकातील नळीवाटे अन्न, लघवीची नळी, इंजेक्शन, जखमेची मलमपट्टी यांसाठी प्रशिक्षित परिचारिकाच हवी. तिचे प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी पाहावी. अंघोळ, भरवणे, चालवणे, कूस बदलणे एवढेच काम असेल तर अनुभवी सेविका पुरते. मात्र तिच्याकडून परिचारिकेचे काम करवून घेऊ नये. ब्युरोकडून माणूस आला तरी ओळखपत्र व पोलीस पडताळणी स्वतः पाहावी आणि पूर्वीच्या दोन घरी चौकशी करावी. 'काम कसे होते?' एवढे विचारून थांबू नये. 'काम का सोडले?' हेही विचारावे. कापड घेताना ते दिव्याखाली नव्हे, उजेडात नेऊन दोन्ही बाजूंनी पाहतात. माणसाची पारखही तशीच व्हावी. पहिला आठवडा घरातील कोणीतरी सोबत राहावे. अंतिम पसंती रुग्णाची असावी. स्त्री-रुग्णासाठी शक्यतो स्त्रीच ठेवावी.

घरातील आचार आरंभीच समजावून सांगावा. गाळलेले पाणी, कंदमूळ वर्ज्य, सूर्यास्तापूर्वी जेवण हे नव्या माणसाला ठाऊक नसते. मधुमेही रुग्णाचे उपवास, रात्रीचे औषध व जेवणाच्या वेळा यांचा निर्णय कुटुंबाने डॉक्टरांशी बोलून घ्यावा. तो भार सेविकेवर टाकू नये. दागिने व रोकड कुलपात ठेवावी, म्हणजे मोहही नको आणि खोटा आळही नको.

परंतु खरी कसोटी पुढेच आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार श्रावकांना परिचित आहेत: बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ते रुग्णाच्या खोलीत उभे राहून आठवावेत. नळी ओढतो म्हणून आजोबांचे हात पलंगाला बांधून ठेवणे, हा बंधच होय. चिडून चिमटा काढणे, चापट मारणे, हा वध. दोन-दोन तासांनी कूस न बदलल्यामुळे पाठीला जखम होणे, ही एक प्रकारे छविच्छेदाचीच वाट. वारंवार कपडे बदलावे लागू नयेत म्हणून पाणी कमी देणे, हा अन्नपाननिरोध. ज्याची वाचा गेली आहे, तो यांपैकी कशाचीही तक्रार करू शकत नाही. म्हणून घरच्यांनी दररोज स्वतः त्याची पाठ पाहावी, ओठ कोरडे आहेत का ते पाहावे आणि सेविका जवळ येताच तो दचकतो का, हेही पाहावे.

हेच अतिचार मालकालाही लागू होतात. एकाच बाईकडून रात्रंदिवस काम घेणे, आठवड्याची सुट्टी न देणे, रुग्णसेवेसोबत सर्व घराची धुणीभांडी तिच्यावर लादणे, हे अतिभारारोपण होय. तिच्या जेवणाची वेळ न पाळणे, हा अन्नपाननिरोध. थकलेल्या, उपाशी हातांकडून कोमल सेवेची अपेक्षा कशी करावी? कामाचे तास, पगार आणि सुट्टी पहिल्याच दिवशी लिहून ठरवावी, पगार वेळेवर द्यावा आणि तिला सन्मानाने हाक मारावी.

सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी ट्रस्टने एक काम हाती घ्यावे. ज्या सेविकांचा चांगला अनुभव आला, त्यांची त्यांच्या संमतीने एक नोंदवही ठेवावी. आणि ज्या घरी एकच माणूस रुग्णापाशी अडकून पडला आहे, तेथे युवक-युवतींनी आठवड्यातून दोन तास जाऊन बसावे. मंदिराच्या जीर्णोद्धाराला समाजाने सदैव हात दिला आहे. घराघरांत जीर्ण झालेल्या देहांनाही तो हात मिळावा.

अंघोळ घालणारे हात पगाराने मिळतात. आईशेजारी पाच मिनिटे बसून तिचा हात हाती घेणे मात्र मुलानेच करावयाचे असते. तेवढे वैयावृत्त्य कोणावरही सोपविता येत नाही.

जय जिनेंद्र!