बॉनेट बसवण्याआधी गाडी मोजा
(विश्वकर्मा दिनाच्या सभेत शाखा सचिवांनी केलेले भाषण)



दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण हत्यारांची पूजा करतो, प्रसाद घेतो आणि घरी जातो. यंदा कमिटीने ठरवले की पूजेबरोबर कामाविषयीही दोन शब्द व्हावेत. बाहेर अंगणात जी पांढरी अँबॅसॅडर उभी आहे, तिच्या बॉनेटविषयी आम्ही बोलणार आहोत. भाषणाला हा काय विषय, असे काहींना वाटेल. पण त्या एका पत्र्यापायी आपली माणसे तीन रविवार एकमेकांशी धड बोलत नव्हती. तेव्हा विषय लहान समजू नये.

अँबॅसॅडर ही मूळची इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची बहीण. १९५७ पासून ती हुगळी जिल्ह्यात उत्तरपाड्याच्या कारखान्यात तयार होत होती. हावडा-बर्धमान मुख्य मार्गावर उत्तरपाडा आणि कोन्नगर यांच्यामध्ये हिंद मोटर नावाचे स्टेशनच आहे. पूर्व रेल्वेत नोकरी केलेल्या आपल्या लोकांना ते ठाऊक असेल. मे २०१४ मध्ये कारखान्याचे काम बंद झाले आणि हजारो कामगार घरी बसले. स्टेशनचे नाव मात्र तेच राहिले. म्हणजे ही गाडी आता नव्याने होणार नाही. जी आहे ती आपल्यासारख्यांनी हाताने जगवायची.

आपली गाडी १९७२ सालची. एका दिवंगत सभासदाच्या घरच्यांनी ती शाखेला दिली. हिच्यातून पत्रके गेली आहेत आणि रात्री-अपरात्री आजारी माणसे दवाखान्यात गेली आहेत. ती पुन्हा उभी करायचे आपण ठरवले. आपले एक निवृत्त कोच बॉडी फिटर, टपाल खात्याच्या मेल मोटर सर्व्हिसमधून निवृत्त झालेले एक टिनमॅन आणि दोन अप्रेंटिस मुले, एवढी टोळी कामाला लागली. इंजिन झाले, ब्रेक झाले, तळाचा सडलेला पत्रा बदलून झाला. अडले ते बॉनेटपाशी.

बॉनेटला चार शेजारी असतात. मागे काउल, दोन बाजूंना दोन मडगार्ड आणि पुढे जाळीचा भाग. बॉनेट सगळ्यात शेवटी बसते. म्हणून आधीच्या चौघांत जे वाकडे असेल ते त्याच्या फटीत दिसते. आपल्या गाडीत उजव्या बाजूला पुढे बॉनेट मडगार्डला घासत होते आणि डावीकडे बोट जाईल एवढी फट होती. बिजागऱ्या सैल करून पुढचे टोक डावीकडे घेतले, की मागे डावा कोपरा काउलला टेकायचा आणि उजवीकडे मागे फट उघडायची. एकीकडे झाकावे तर दुसरीकडे उघडे पडावे.

मग सुरू झाले ते आपल्याकडे नेहमी सुरू होते तेच. कोणी म्हणाले, बिजागऱ्यांचे बोल्ट पोराने आवळले, त्याचाच हा प्रताप. कोणी म्हणाले, बॉनेटच खराब आहे, कडा कापून टाका. कोणी म्हणाले, फटीत पुटीन भरा, रंगाखाली कोणाला दिसणार आहे? ज्या मुलाचे नाव घेतले गेले तो पुढच्या रविवारी आलाच नाही.

शेवटी टिनमॅनकाकांनी टेप मागवला. इंजिन ज्या चौकोनात बसते त्याचे दोन्ही कर्ण त्यांनी मोजले. मागच्या डाव्या कोपऱ्यापासून पुढच्या उजव्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण दुसऱ्यापेक्षा ११ मिलिमीटरने कमी भरला. चौकोन चौकोनच नव्हता. मग त्यांनी एक लोहचुंबक उजव्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर फिरवले. एका जागी ते चिकटेना. खरवडले तर आत बोटभर पुटीन! फार वर्षांपूर्वी गाडीला उजवीकडून पुढे ठोकर बसली होती, पुढचा सगळा भाग डावीकडे सरकला होता, आणि कोणीतरी पुटीन भरून वर रंग मारला होता. ज्या मुलावर आळ आला त्याचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

बंधूंनो, आपल्यातले जे वर्कशॉपमध्ये आहेत त्यांना बोगी फ्रेमचे कर्ण का मोजतात ते सांगायला नको. कर्ण जुळत नसतील तर पुढचे सगळे काम वाकड्या पायावर होते. मोटारगाडीलाही तोच न्याय आहे.

आता पुढे काय केले ते क्रमाने सांगतो, कारण उद्या तुमच्यापैकी कोणाला घरची जुनी गाडी जुळवायची असेल तर उपयोगी पडेल.

आखूड पडलेल्या कर्णावर दोन्ही टोकांना लाकडी ठोकळे लावून मध्ये जॅक दिला आणि दाब थोडा थोडा वाढवला. प्रत्येक वेळी दाब सोडून पुन्हा मोजले. पत्र्याला मागे परतायची खोड असते, म्हणून मापापेक्षा किंचित पुढे ढकलावे लागते. अख्खा रविवार गेला तेव्हा फरक २ मिलिमीटरवर आला. तेथे थांबलो.

मग गाडी चाकांवर, सपाट फरशीवर उभी केली आणि चारी टायरांत हवा बरोबर भरली. घोडीवर चढवलेल्या गाडीचे माप खरे नसते, कारण इंजिनाचे वजन चाकांवर आले की अंग थोडे बदलते. रिकाम्या डब्याच्या बफरची उंची ११०५ मिलिमीटरच्या वर नको आणि भरलेल्याची १०३० च्या खाली नको, हे मापही आपण डबा सरळ रुळावर चाकांवर उभा असतानाच घेतो.

त्यानंतर आधी दरवाजे जुळवले, मग दरवाजांशी मडगार्ड, आणि मग बॉनेट. मडगार्डचे बोल्ट नुसते हाताने लावून ठेवले. बॉनेटचा खटका काढून ठेवला आणि रबरी टेकू पूर्ण खाली फिरवले. हे महत्त्वाचे. खटका जागेवर असेल तर तो बॉनेटला आपल्याकडे ओढतो आणि खोटेच बरोबर दाखवतो.

बिजागरीची भोके बहुधा लांबट असतात. एका पात्यावरची भोके पुढे-मागे सरकायला आणि दुसऱ्यावरची वर-खाली करायला. आपल्या गाडीत कोणती कुठे आहेत ते आधी पाहावे. बोल्ट सैल करण्याआधी बिजागरीभोवती रेघ ओढावी, म्हणजे कुठून निघालो ते कळते. दोन्ही बाजूंना एकेक माणूस हवा. कोपऱ्यांखाली जुने कापड घालावे. एका वेळी एकच बाजू, एक-दोन मिलिमीटर. बॉनेट मागे वर राहत असेल तर बिजागरी खाली घ्यावी किंवा तिच्याखालचे वॉशर कमी करावेत. आम्ही फटीसाठी ५ मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी वापरली. ती सगळीकडून सारखी फिरली पाहिजे.

पुढची उंची रबरी टेकूंनी जुळवावी. खटका सगळ्यांत शेवटी लावावा, आणि बॉनेट जेथे येते तेथे खटका न्यावा, खटका असेल तेथे बॉनेट ओढू नये. पहिल्यांदा हळू मिटवून पुन्हा उघडते ना ते पाहावे. दुसरा सुरक्षेचा हुक स्वतंत्रपणे धरतो ना, हेही पाहावे. हे बॉनेट पुढून उघडते. धावत्या गाडीत ते वाऱ्याने उचलले गेले तर थेट काचेवर येते आणि ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही. बाकी सगळे शोभेचे असेल, हे जिवाचे आहे.

हे सगळे रंगाच्या आधी, उघड्या पत्र्यावर करावे. जुळले की बिजागरी आणि पत्रा यांतून मिळून ३ मिलिमीटरचे एक बारीक भोक पाडावे. रंग झाल्यावर त्याच भोकात खिळा घालून बसवले की बॉनेट पहिल्या जागी येते आणि नव्या रंगाला ओरखडा जात नाही.

काही तरुणांनी विचारले, फट शून्य का करत नाही? रुळांच्या सांध्यात आपण फट का ठेवतो? पत्रा तापतो, अंग हलते, रंगाचे थर चढतात. फट दोष नाही. कमी-जास्त फट हा दोष आहे.

आता दोन शब्द आपल्या कामाविषयी. काम बिघडले की जो शेवटी हात लावतो त्याच्या नावावर कागद निघतो. रेल्वेत एसएफ-११ येते, टपालात रूल १६ येतो. पिशवी उशिरा पोहोचली तर वाटणाऱ्याला विचारतात. डबा सिक झाला तर ज्याने शेवटचे तपासले त्याला विचारतात. विचारावे, जरूर विचारावे. पण आधी मागचे कर्ण मोजावेत, एवढेच आपले म्हणणे आहे. आणि हे आपल्यालाही लागू आहे, केवळ साहेबांना नाही. त्या पोरावर आळ घेताना कोणी साहेब हजर नव्हता, सगळी आपलीच माणसे होती. उलट मोजल्यावर चूक आपल्या हाताची निघाली, तर बोल्ट सैल करून काम पुन्हा करावे. त्यात कमीपणा नाही.

टिनमॅनकाका त्या मुलाच्या घरी जाऊन त्याला घेऊन आले. शेवटचा खटका त्यानेच बसवला आहे. हातोडी आणि डॉली धरून पत्रा कुठे ताणला आहे ते बोटाने ओळखणारी माणसे आता थोडी उरली. ते ज्ञान पुस्तकात सापडत नाही, शेजारी उभे राहून घ्यावे लागते. म्हणून ज्यांच्या घरी अप्रेंटिस मुले-मुली आहेत त्यांनी पुढच्या रविवारी सकाळी नऊला त्यांना येथे पाठवावे. मागच्या डिकीचे झाकण अजून बसायचे आहे. येताना टेप आणावा.