कोणता सरस सरस?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत ‘सरस’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक उत्तम, वरचढ. दुसरा म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला, सुताराच्या डब्यात मंद आचेवर विरघळणारा चिकट पदार्थ. १९५९ साली फेव्हिकॉल बाजारात आला आणि ती शेगडी, तो उग्र वास हळूहळू कामाच्या जागेवरून गेला. शब्द मात्र राहिला, आणि कोणता सरस सरस, हा प्रश्नही.

हा प्रश्न आता सुतारापुरता उरलेला नाही. बैठकीच्या खोलीत, पलंगाच्या डोक्याशी, दूरदर्शन संचामागे लाकडाचे, एमडीएफचे नाहीतर पीव्हीसीचे पॅनल लावायची हौस घरोघरी आहे. आणि खिळे, स्क्रू नको असतात. भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नाही. नव्या इमारतीतली काँक्रीटची भिंत साध्या ड्रिलला दाद देत नाही. भिंतीतून विजेची तार कुठून गेली आहे, हेही ठाऊक नसते. मग माणूस दुकानात जातो आणि म्हणतो, ‘सगळ्यात मजबूत असेल ते द्या.’ गडबड इथेच होते.

सरस भिंतीला चिकटतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो चिकटतो भिंतीच्या सगळ्यात वरच्या थराला. वर डिस्टेंपर असेल तर डिस्टेंपरला, पुट्टी असेल तर पुट्टीला. हा थरच पोपडे धरून सुटायला आला असेल, तर जगातला महागडा सरसही पॅनलसकट खाली येतो. म्हणून आधी भिंतीवरून हात फिरवा. तळहाताला पांढरी भुकटी लागली, तर तो थर खरवडून, धूळ पुसून, प्रायमर मारल्याशिवाय पुढे जाऊ नका. चकचकीत ऑइलपेंट असेल तर पॉलिश पेपरने घासून त्याची चमक मोडा.

दुसरी परीक्षा ओलीची. आपल्याकडे चार महिने पाऊस. दीड फूट लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. कागदाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब असतील, तर ओल भिंतीतूनच येते आहे. अशा भिंतीवर पॅनल लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे. वरून शोभा दिसते. मागे बुरशी वाढते आणि घरातल्या दमेकऱ्याला तिचा त्रास होतो. पॅनलचे पैसे आधी गळती काढण्यावर खर्च करा.

आता सरसाच्या जाती. पांढरा सरस पाण्यातला असतो. त्यातले पाणी लाकडात किंवा गिलाव्यात जिरले, की तो वाळतो. दोन्ही बाजू पाणी न पिणाऱ्या असतील, म्हणजे ऑइलपेंटवर पीव्हीसी, तर पाणी जाणार कुठे? तो दिवसेंदिवस ओलाच राहतो. शिवाय साधा पांढरा सरस सततच्या ओलीत मऊ पडतो.

सनमायका चिकटवतात तो पिवळसर, रबराच्या जातीचा सरस. तो दोन्ही बाजूंना लावायचा, हाताला ओला लागेनासा झाला की दाबायचे. एकदा टेकले की सरकवता येत नाही. त्याची वाफ पेट घेते. खिडक्या उघड्या, शेगडी आणि देवघरातली समईसुद्धा बंद हवी. थर्माकोलच्या जातीच्या पॅनलला तो खातो, हेही लक्षात ठेवा.

सिलिकॉन हवेतली आर्द्रता घेऊन घट्ट होते. ज्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते आरशामागचा मुलामा खराब करते. आरशासाठी ‘न्यूट्रल’ लिहिलेलेच घ्या. एपॉक्सी दोन भाग कालवून करायची. ती फार घट्ट, पण ताठ. आणि इथे ताठपणा नडतो. आठ फुटी पीव्हीसीची पट्टी तापमान वीस अंशांनी वाढले, की साधारण तीन मिलिमीटर लांबते; भिंत त्या मानाने जागची हलत नाही. ही ओढाताण सोसायला थोडा लवचीक सरस लागतो. नळीतून बंदुकीने लावायचे पॉलियुरेथेन किंवा हायब्रिड पॉलिमरचे सरस याच कामाचे. टोकांना थोडी फटही सोडा.

लावताना सरस सगळीकडे थापू नका. उभ्या रेघा ओढा, म्हणजे मागे हवा खेळते आणि रेघ कडेपासून आत वाळत जाते. ओळंबा धरून पॅनल दाबा आणि पूर्ण वाळेपर्यंत टेकू द्या. सरस खाली सरकणारे वजन चांगले पेलतो. कडेपासून सोलले जाणे त्याला सोसत नाही. म्हणून कडेजवळची रेघ कधी चुकवू नका.

आणि वजन. बारा मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची शीट वीस-पंचवीस किलो भरते. ती, दगडी फरशी किंवा मोठा आरसा नुसत्या सरसावर ठेवू नये. पलंगाच्या डोक्याशी तर मुळीच नाही. खाली मूल झोपलेले असते. तिथे मालकाची मनधरणी करून चार स्क्रू मारावेत, नाहीतर ती हौस सोडावी.

भाडेकरूंसाठी आणखी एक. भोक पुट्टीने बुजते. घट्ट सरस काढताना मात्र रंग, पुट्टी, कधी गिलाव्याचा तुकडाही निघतो. ‘खिळा नाही’ म्हणजे ‘खूण नाही’ असे नव्हे. घर सोडायचे असेल, तर पॅनल हलके घ्या आणि भिंतीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात एक तुकडा लावून, काढून पाहा.

तेव्हा श्रोतेहो, दुकानात जाताना पाच उत्तरे सोबत न्या. भिंतीचा वरचा थर कशाचा? पॅनल कशाचे? वजन किती? ओल आहे का? आणि पुढेमागे ते काढायचे आहे का? या पाचांना जो पुरा पडेल, तोच तुमच्या घरापुरता सरस.