सहा हजारांचा एअर फिल्टर: गाडीत घालावा की ठेवीत ठेवावे?

(आर. के. पुरम, नवी दिल्ली येथे लहान बचतदारांसाठी दिलेले व्याख्यान)



बचतीच्या वर्गात मोटारीच्या एअर फिल्टरचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. आपल्या आर. के. पुरममध्ये बहुतेक घरे सरकारी नोकरदारांची. पगार ठरलेला, आणि महिन्याच्या खर्चात गाडीचा वाटा मोठा. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून गाडीचा ॲव्हरेज थोडा उतरतो. अशा वेळी करोल बागेतला ॲक्सेसरीवाला सांगतो, "कंपनीचा कागदी फिल्टर काढून टाका, हा सुती जाळीचा लावा. धुऊन पुन्हा वापरता येतो. ॲव्हरेज वाढेल, पिकअप वाढेल, दोन वर्षांत पैसे वसूल!"

"पैसे वसूल" हा शब्द कानावर आला की बँकेतल्या माणसाचे कान टवकारतात. मी वाणिज्य शाखेची, मेकॅनिक नव्हे. पण कुठल्याही वस्तूबद्दल कोणी पैसे वसूल होतील म्हणाले, तर ते ठेवीसारखेच तपासता येते. किती घातले, किती मिळणार, किती दिवसांत, आणि तेच पैसे दुसरीकडे ठेवले असते तर काय मिळाले असते, हे चार प्रश्न विचारायचे. आज तेच करू.

आधी हिशेब

हे आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. घरी गेल्यावर त्या जागी आपल्या गाडीचे आकडे घाला.

गाडी लहान, पेट्रोलची. वर्षाला 8,000 किलोमीटर चालते. ॲव्हरेज 16. म्हणजे वर्षाला 500 लिटर पेट्रोल. लिटरला 95 रुपये धरले तर वर्षाचा खर्च 47,500 रुपये.

कंपनीचा कागदी फिल्टर 400 रुपयांचा. दिल्लीची धूळ लक्षात घेऊन तो दर वर्षी बदलला, असे समजू. दहा वर्षांचे 4,000 रुपये.

बाहेरचा धुता येणारा फिल्टर 6,000 रुपयांचा. तो साबणाने धुऊन चालत नाही. त्याला खास द्रावण लागते आणि वाळल्यावर खास तेल लावावे लागते. त्या संचाचे 1,500 रुपये, आणि दहा वर्षांत दोन संच. एकूण 9,000 रुपये.

दोन्हींतला फरक 5,000 रुपयांचा, म्हणजे वर्षाला 500 रुपये. पेट्रोलच्या 47,500 रुपयांपुढे 500 म्हणजे जेमतेम एक टक्का.

इथेच माणूस फसतो. त्याला वाटते, एक टक्का तर नक्कीच वाचेल! दुकानदार पाच-सात टक्के सांगतो, त्यातले निम्मे खोटे धरले तरी आपण फायद्यातच. म्हणजे सगळा हिशेब एकाच गोष्टीवर येऊन थांबतो: या फिल्टरने पेट्रोल खरोखर वाचते का?

पेट्रोल वाचते का?

घरचे उदाहरण घ्या. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येते आणि आपण नळ अर्धाच उघडतो. टाकीच्या तोंडाशी जास्त मोकळी जाळी बसवली म्हणून बादली लवकर भरेल का? पाणी अडले आहे नळाशी, जाळीशी नाही. गाडीतही असाच एक नळ असतो. ॲक्सिलरेटर दाबला की तो उघडतो, त्याला थ्रॉटल म्हणतात. मुनिरकाच्या सिग्नलपासून भिकाजी कामा प्लेसपर्यंत रांगत जाताना हा नळ थोडासाच उघडा असतो. हवा तिथे अडते. फिल्टर थोडा मोकळा केला तर पाय थोडा कमी दाबला जातो, इतकेच.

दुसरी गोष्ट. आजच्या गाडीत हवेबरोबर किती पेट्रोल सोडायचे हे संगणक ठरवतो. धुराच्या नळीत बसवलेला ऑक्सिजन सेन्सर त्याला सतत खबर देत असतो. निव्वळ पेट्रोलसाठी हे प्रमाण वजनाने सुमारे 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल असे असते. हवा जास्त आली तर संगणक त्या मानाने पेट्रोलही जास्त सोडतो. म्हणजे जास्त हवेने पेट्रोल वाचण्याचे काही कारण उरत नाही.

याची चाचणीही झालेली आहे. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने तिथल्या ऊर्जा खात्यासाठी 2009 साली आजच्या पद्धतीच्या, संगणकाने पेट्रोल सोडणाऱ्या गाड्या तपासल्या. एकदा नवा फिल्टर लावून, एकदा मुद्दाम चोंदवलेला लावून. पेट्रोलच्या खपात लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो पूर्ण जोराने वेग घेण्यात, सुमारे 6 ते 11 टक्के. आता विचार करा. चोंदलेला काढून नवा लावला तरी पेट्रोल वाचत नाही, तर चांगला नवा काढून त्याहून मोकळा लावल्याने ते कुठून वाचणार?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्यांची गोष्ट वेगळी होती. त्यांत चोंदलेला फिल्टर बदलला की 2 ते 6 टक्के फरक पडायचा. जुन्या मारुती 800 च्या काळातले लोक "फिल्टर बदल, ॲव्हरेज सुधारेल" म्हणायचे, ते खरेच होते. सल्ला तोच राहिला, गाड्या मात्र बदलल्या. आणि दिल्लीत पेट्रोल गाडीला 15 वर्षांची व डिझेल गाडीला 10 वर्षांची मर्यादा घालणारा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली कायम केला. पुढे त्या नियमात फेरफार झाले, तरी कार्ब्युरेटरच्या मोटारी आपल्या सेक्टरांतल्या रस्त्यांवरून केव्हाच गेल्या.

"पण माझ्या शेजाऱ्यांचा ॲव्हरेज खरोखर वाढला," असे कोणी म्हणेल. शेजारी खोटे बोलत नसतात. मे महिन्यात एसी लावून चालवलेली गाडी आणि फेब्रुवारीत एसी न लावता चालवलेली गाडी यांच्या ॲव्हरेजमध्ये एक-दोन टक्क्यांहून बराच जास्त फरक असतो. शिवाय सहा हजार घातल्यावर माणूस काही दिवस जपूनही चालवतो.

मग सहा हजारांचे काय करावे?

आता चौथा प्रश्न: तेच पैसे दुसरीकडे ठेवले असते तर?

6,000 रुपये मुदत ठेवीत ठेवा आणि व्याज वर्षाला घ्या. साडेसहा टक्के दर धरला तर वर्षाचे व्याज 390 रुपये. कंपनीचा नवा फिल्टर 400 रुपयांचा. म्हणजे दर वर्षी नवा कोरा फिल्टर जवळजवळ व्याजातच येतो, खिशातून जातात दहा रुपये. दहा वर्षांनी एकाच्या हाती दहा वर्षे धुतलेला फिल्टर असतो, दुसऱ्याच्या खात्यात 6,000 रुपये मुद्दल जसेच्या तसे असते.

व्याजदर कमी-जास्त होतील, फिल्टरची किंमत वाढेल, व्याज करपात्रही असते. तरीसुद्धा मुद्दल शिल्लक राहते हा फरक पुसला जात नाही. एकदम सहा हजार नसतील तर महिना 500 रुपयांची आवर्ती ठेव करा. वर्षात तेवढे जमतात.

हाच फिल्टर कार्डावर "बिनव्याजी हप्त्यांनी" घेण्याचा मोहही होतो. रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले आहे की शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते. व्याज प्रक्रिया शुल्कात असते, नाहीतर न मिळालेल्या सवलतीत. आणि कार्डाचे बिल थकले तर अनेक कार्डांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतात, म्हणजे वर्षाला 36 ते 42. एक टक्का पेट्रोल वाचवायला निघालेल्या माणसाला हे परवडणार नाही.

दिल्लीची धूळ

"दिल्लीची हवा पाहता भारीतला फिल्टर नको का?" हा प्रश्न योग्य आहे. आपल्या आर. के. पुरममध्ये दिल्ली प्रदूषण नियंत्रण समितीचे हवा मोजणारे केंद्र आहे. त्याचे आकडे आपण बातम्यांत पाहतो. पीएम 10 म्हणजे बारीक धुळीची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम आहे, आणि हिवाळ्यात ती कितीतरी ओलांडली जाते. मे-जूनमध्ये राजस्थानकडून धुळीची वादळे येतात ती वेगळीच.

पण फिल्टरचे पहिले काम धूळ अडवण्याचे आहे. जास्त हवा सोडायची तर जाळी मोकळी ठेवावी लागते, आणि मोकळ्या जाळीतून बारीक धूळ निसटण्याची शक्यता वाढते. ती धूळ पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर घासते. मग जितकी धूळ जास्त, तितकी "मोकळी हवा" ही जाहिरात आपल्या कामाची कमी. विकणाऱ्याला विचारा: आयएसओ 5011 या मानकाप्रमाणे हा फिल्टर किती टक्के धूळ अडवतो? कागद दाखवला तर वाचा. "साहेब, इंपोर्टेड आहे" एवढेच उत्तर आले तर पाकीट खिशात ठेवा.

आणखी एक गल्लत नेहमी होते. इंजिनाचा फिल्टर वेगळा आणि केबिनचा वेगळा. इंजिनाचा फिल्टर बॉनेटखाली असतो, तो इंजिनाच्या श्वासाचा. केबिनचा फिल्टर बहुधा डाव्या बाजूच्या खणामागे असतो, तो एसीतून येणाऱ्या आपल्या श्वासाचा. घरात दम्याचा त्रास असलेले आजोबा असतील, लहान मूल असेल, तर पैसे केबिनच्या फिल्टरवर घाला. काही स्वस्त मॉडेलांत तो दिलेलाच नसतो, तेव्हा पुस्तिका पाहून खात्री करा.

बाकीच्या जोखमी

धुण्याच्या फिल्टरला तेल जास्त झाले, तर ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर त्याच वाटेवर असतो त्यांत तो खराब होऊ शकतो. वॉरंटी चालू असेल आणि बाहेरच्या भागामुळे बिघाड झाला असे ठरले, तर दुरुस्तीचा खर्च आपल्यावर येतो. कंपनीची पेटीच काढून उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवणे तर आणखी धोक्याचे. तो बॉनेटखालची गरम हवा ओढतो, आणि गरम हवा विरळ असल्याने ताकद उलट घटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. कोणताही बदल करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा.

कोणाला परवडेल?

न्याय सर्वांना सारखा हवा. वर्षाला 50,000 किलोमीटर धावणारी टॅक्सी असेल आणि वर्षात पाच कागदी फिल्टर लागत असतील, तर त्याचे 2,000 रुपये होतात. तिथे धुता येणारा फिल्टर चार वर्षांच्या आत भरून निघू शकतो, धूळ नीट अडवत असेल तर. शर्यतीच्या गाडीत थ्रॉटल पूर्ण उघडा असतो, तिथे मोकळ्या हवेचा थोडा उपयोग होतो. आणि कोणाला इंजिनाचा तो आवाजच आवडत असेल तर जरूर घ्यावा. हौसेला मोल नसते. फक्त तो खर्च वहीत "हौस" या रकान्यात लिहा, "बचत" या रकान्यात नको.

घरी करायच्या गोष्टी

एक. गाडीची पुस्तिका काढा. फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा आणि धुळीच्या भागात किती लवकर, हे त्यात दिलेले असते.

दोन. कंपनीचा फिल्टर अधिकृत दुकानातून, पक्के बिल घेऊन घ्या. काश्मिरी गेटच्या बाजारात स्वस्त मिळाला तरी वेष्टन, छापील किंमत आणि भागाचा क्रमांक पाहून घ्या. नकली माल तिथेही येतो.

तीन. कागदी फिल्टरवर कॉम्प्रेसरची हवा जवळून जोरात मारू देऊ नका. कागद फाटला तर धूळ थेट आत जाते.

चार. कोणी ॲव्हरेज वाढवणारे काहीही विकायला आले तर आधी स्वतः मोजा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा काठोकाठ भरताना किती लिटर बसले ते लिहा. अशा तीन टाक्या एकाच रस्त्यावर, एकाच हंगामात. या तीन आकड्यांत आपसातच किती फरक येतो ते पाहा. विकणाऱ्याचा दावा त्या फरकाहून लहान असेल तर तो खरा की खोटा हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि जे कळणार नाही त्याचे पैसे मोजू नयेत.

पाच. खरोखर पेट्रोल वाचवायचे असेल तर चाकांतली हवा पंधरा दिवसांनी तपासा, सिग्नल लांबला तर इंजिन बंद करा, आणि जवळच्या कामाला मॅजेंटा लाइनवरचे आपले आर. के. पुरम स्थानक वापरा. यांतल्या दोन गोष्टी जवळजवळ फुकट आहेत.

वर्षाला पाचशे रुपयांची ही गोष्ट लहान वाटेल. पण सीट कव्हर, इंजिनात टाकायचे औषध, "पेट्रोल वाचवणारे" चुंबक, सगळे याच वाटेने येतात. प्रत्येक वेळी तेच चार प्रश्न विचारा. उत्तरे वहीत लिहा, घरच्यांना दाखवा, आणि मगच पैसे काढा. हिशेबात काही अडले तर वही घेऊन शाखेत या, आपण बसून मांडू.