वार फेकू नका, आशा विकू नका



या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. आज मी ती बाजूला ठेवून एकाच विषयावर बोलणार आहे. मांजरीच्या वारेत, नाळेत आणि पाणमोटेच्या पापुद्र्यात मूलपेशी असतात. आपण त्या रोज कचऱ्याच्या बादलीत टाकतो. त्यांतून मांजरांसाठी उपचार उभे राहू शकतील का, आणि त्यासाठी आपण काय करायला हवे, हा तो विषय.

या उपचारांची गरज कुठे आहे, ते आपल्याला ओपीडीत रोज दिसते. तोंडाच्या जुनाट दाहाने बेजार झालेले मांजर भुकेले असते, ताटलीपाशी येते, वास घेते आणि वेदनेने मागे फिरते. आपण त्याचे सगळे दात काढतो. तरीही सुमारे तीनांतले एक मांजर पुरेसे सुधारत नाही, आणि मग स्टिरॉइडखेरीज आपल्या हाती फारसे उरत नाही. दुसरा आजार मूत्रपिंडाचा. क्रिएटिनिन वाढत जाते, आपण पथ्याचे अन्न देतो, कातडीखाली सलाईन देतो. पण नष्ट झालेले नेफ्रॉन परत येत नाहीत.

पहिल्या आजारात आशेला आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक महाविद्यालयात बोआझ आर्झी आणि सहकाऱ्यांनी दात काढूनही बरी न झालेली 7 मांजरे निवडली. प्रत्येकाच्या स्वतःच्याच चरबीतून मूलपेशी वाढवल्या आणि 2 कोटी पेशींचा डोस महिन्याच्या अंतराने दोनदा शिरेतून दिला. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात 5 मांजरांना गुण आला. त्यांतली 3 पूर्ण बरी झाली. पुढच्या वर्षी दुसऱ्या मांजरांच्या पेशी वापरून केलेल्या अभ्यासात 7 पैकी 4 मांजरांना फायदा झाला. आकडे लहान आहेत, पण ज्यांच्यावर सगळे उपाय थकले होते अशा मांजरांचे आहेत.

मग चरबी सोडून वारेकडे का वळायचे? चरबी मिळवायला मांजराला भूल द्यावी लागते, चिरा द्यावा लागतो. आजारी, वयस्क मांजरासाठी हा भार मोठा असतो. शिवाय मांजरांत आढळणारा फोमी विषाणू चरबीतल्या पेशींबरोबर प्रयोगशाळेत पोहोचतो, पेशी एकमेकींत विरघळून मोठे गोळे होतात आणि वाढ थांबते. डेव्हिसच्याच संशोधकांनी हे नोंदवले आहे. जन्माच्या वेळच्या ऊती मात्र बाळंतपणात आपोआप बाहेर येतात, त्यांसाठी कोणालाही वेगळी जखम करावी लागत नाही, आणि त्यांतल्या पेशी वयाने कोवळ्या असतात. इटलीतील बोलोन्या येथील गटाने 2012 साली मांजरीच्या गर्भजलातून आणि गर्भावरणातून अशा पेशी वेगळ्या केल्या. ब्राझीलमधील साओ पाउलोच्या संशोधकांनी पाणमोटेच्या पापुद्र्यातील पेशी वाढवल्या आणि त्या गाठी निर्माण करतात का, हेही तपासले. तशा गाठी आढळल्या नाहीत. मांजरांत इंजेक्शनच्या जागी सार्कोमा होऊ शकतो, हे आपण सारे जाणतो. म्हणून ही तपासणी मला फार मोलाची वाटते.

वाटेतल्या अडचणीही स्पष्ट सांगतो. मांजरीची वार पट्ट्यासारखी, पिल्लाभोवती वेढलेली असते आणि प्रत्येक पिल्लाची वेगळी असते. मांजर घरी व्यायली की ती नाळ चावून तोडते आणि वार खाऊन टाकते. ते तिच्या निसर्गाला धरून आहे. तिथे आपण हात घालायचा नाही. म्हणजे निर्जंतुक ऊती मिळण्याची खरी जागा सिझेरियनचे टेबल हीच. दुसरी जागा गाभण मांजरीच्या नसबंदीची. मात्र ऊती हव्यात म्हणून कोणत्याही मांजरीचा गर्भ काढला जाऊ नये. शस्त्रक्रियेचा निर्णय मांजरीच्या हिताचा विचार करून आधी व्हावा, ऊतींचा प्रश्न त्यानंतर यावा.

आता मूत्रपिंडाकडे वळू. साओ पाउलोच्या गटाने 2017 साली पाणमोटेतील पेशी मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराच्या मांजरांना दिल्या आणि क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिने कमी झाल्याचे नोंदवले. ही बातमी उत्साह देणारी आहे. पण तिच्या शेजारी कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात जेसिका क्विम्बी यांनी केलेले काम ठेवून वाचावे लागते. त्यांच्या 2016 सालच्या चाचणीत काही मांजरांना चरबीतल्या पेशी आणि काहींना निव्वळ प्लासिबो दिला गेला. मूत्रपिंडाच्या कार्यात लक्षणीय फरक दिसला नाही. त्याआधीच्या कामात गोठवून ठेवलेल्या पेशी थेट दिल्यावर काही मांजरांना उलट्या झाल्या, श्वास वाढला. दोन्हीकडच्या पेशी वेगळ्या आहेत, हे खरे. तरी तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर सुधारणा पेशींमुळे झाली की पथ्यामुळे आणि सलाईनमुळे, हे सांगता येत नाही.

या पेशी नेमके काय करतात, याबद्दलची आपली समजही बदलली आहे. 1991 साली 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव देणाऱ्या आर्नोल्ड कॅप्लन यांनीच पुढे ते बदलावे असे सुचवले; कारण शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी आधी फुप्फुसात अडकतात आणि नवा अवयव घडवण्यापेक्षा संदेश देणारी द्रव्ये स्रवून दाह शमवतात. म्हणून मांजराच्या मालकाला 'नवे मूत्रपिंड तयार होईल' असे कोणी सांगत असेल, तर ते विज्ञान नव्हे.

युरोपीय संघाने 2019 साली घोड्याच्या नाळेतल्या पेशींपासून बनलेल्या 'हॉरस्टेम' या औषधाला घोड्यांच्या सांध्यांसाठी परवानगी दिली आणि 2022 साली त्याच स्रोताच्या 'डॉगस्टेम'ला कुत्र्यांच्या सांधेदाहासाठी. म्हणजे जन्मऊतींपासून प्रमाणित औषध बनू शकते, हे सिद्ध झाले आहे. मांजराला तेवढीच कसोटी लावलेला उपचार मिळायला हवा.

जन्मऊती शिस्तीने वापरण्याचा धडा आपल्या मुंबईत जवळच आहे. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या टिश्यू बँकेत 1988 सालापासून, दान मिळालेल्या वारेतले गर्भावरण स्वच्छ करून, दात्यांची तपासणी करून, गॅमा किरणांनी निर्जंतुक करून जखमांवर लावण्यासाठी दिले जाते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी बहिणीच्या नाळेतले रक्त देऊन एका मुलाचा फॅन्कोनी अॅनिमिया बरा केला. दोन्ही कामे नोंदी, तपासणी आणि चिकाटी यांवर उभी राहिली. 1886 साली सुरू झालेले आपले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयही परळमध्येच आहे. ही शिस्त शिकायला आपल्याला लांब जावे लागणार नाही.

म्हणून माझ्या या परिषदेकडे काही मागण्या आहेत.

सिझेरियन करणाऱ्या प्रत्येक दवाखान्याने मालकाची लेखी संमती घेऊन ऊती जतन कराव्यात. दाता मांजरीची ल्युकेमिया विषाणू, एफआयव्ही आणि फोमी विषाणू यांसाठी तपासणी झाल्याशिवाय एकही पेशी पुढे जाऊ नये. ऊती निर्जंतुक द्रवात, थंड ठेवून, शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचाव्यात. महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाच्या नागपूर, परळ, शिरवळ, परभणी, उदगीर येथील महाविद्यालयांनी वेगवेगळे प्रयोग करण्याऐवजी एकच बँक आणि एकच नोंदवही उभारावी. चाचणीत तुलनेचा गट असावा, आणि निकाल निराशाजनक असला तरी तो छापला जावा. क्विम्बी यांनी अपयशाची चाचणी दडपली नाही, म्हणूनच आज आपण सावध आहोत.

शेवटची मागणी सर्वांत कठीण आहे. माणसांसाठी केंद्राच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना सिद्ध न झालेल्या मूलपेशी उपचारांच्या व्यापाराला मनाई करतात. त्या प्राण्यांसाठी लिहिलेल्या नाहीत. पण आपण त्यांचा आशय स्वतःवर बंधनकारक मानू या. उपचार चाचणीच्या टप्प्यात असेल, तोपर्यंत त्याची फी घेऊ नका. आजारी मांजराला कुशीत घेऊन आलेला माणूस शक्य ते सगळे द्यायला तयार असतो. त्याच्या त्या प्रेमाचा व्यवहार होता कामा नये.

तरुण मित्रांनो, या विषयात अजून फार थोडे काम झाले आहे आणि तुमच्यापुढे सगळी वाट मोकळी आहे. वार फेकू नका, आशा विकू नका. दोन्हींचा हिशेब चोख ठेवा. पुढच्या परिषदेत कोणी तरी आपल्याच मांजरांवर केलेली, आकड्यांनिशी सिद्ध झालेली चाचणी इथे मांडावी, एवढीच माझी अपेक्षा आहे.