लेकराकडं बघा

श्रोतेहो, तेरणाकाठच्या आपल्या गोरोबाकाकांचं चरित्र इथं बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्यातलं एकच वाक्य आज नीट ऐका. काकांची कारभारीण पाण्याला निघाली आणि जाताना म्हणाली, "लेकराकडं बघा." एवढंच मागणं! काका चिखल तुडवीत नामात रंगले, लेकरू रांगत आलं आणि पायाखाली सापडलं. माउलीनं टाहो फोडला. पुढं भांडण वाढलं, विठ्ठलाची आण पडली, नवरा-बायकोचा स्पर्श तुटला. एका छपराखाली दोन घरं झाली.

काकांच्या भक्तीला बोल लावू नका हं! त्यांचं ध्यान खरं होतं, म्हणून पांडुरंगानं लेकरू परत दिलं. तुमचं-आमचं ध्यान कुठं? पारावर, पत्त्यात, मोबाईलात! आपलं तुटलेलं कोण जोडून देणार?

2019 साली सरकारनं देशभर माणसांचा वेळ मोजला. घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात 26. त्यांची दिवसाची 97 मिनिटं, घरकाम करणाऱ्या बाईची 299. मग ती माहेरी निघून गेली की आपण विचारतो, कशाचा राग आला? बाबांनो, फारकतीचा कागद वकिलाकडं नंतर होतो, आधी तो मोरीत साठलेल्या खरकट्या भांड्यांवर लिहिला जातो.

सप्टेंबर 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक नवरा फारकत मागत होता. दोघंही नोकरीला, आणि तक्रार काय, तर बायको घरकाम करत नाही! न्यायालयानं फारकत दिली नाही. घरचा भार दोघांनी सारखा उचलायचा, असं बजावलं. कोर्टानं हे आत्ता सांगितलं. जनाबाईच्या जात्याचा खुंटा धरून देवानं कधीच दाखवलं. जगाच्या धन्याला दळताना कमीपणा वाटला नाही, तुम्हाला भाकरी थापताना का वाटावा?

एकादशी तुम्ही धरता, भगर-खिचडी तिनं करायची. पुण्य कुणाच्या नावावर पडलं, सांगा! तुळजापुरात आईपुढं लोटांगण घालता, आणि रानातून दमून आलेल्या लक्ष्मीला तांब्याभर पाणी देत नाही!

म्हणून आज घरी गेल्यावर आपलं ताट आपण उचला. उद्या पाण्याचा हंडा उचला. आणि ती म्हणाली, "लेकराकडं बघा", तर खरंच बघा. ही सेवा पंढरीला पोचते.

बोला, गोरोबाकाका महाराज की जय!