‘कळवतो’ म्हणाले, आता पुढे?

शेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेतलेले असोत, की खामगाव-चिखलीच्या आयटीआयमधून बाहेर पडलेले… आपल्या बुलढाणा जिल्ह्यातली बरीच मुलं-मुली मुलाखतीसाठी पुणे, छत्रपती संभाजीनगर गाठतात. मुलाखत होते. ‘कळवतो’ म्हणतात. मग सगळं लक्ष फोनकडे. या काळात एक गोष्ट धरून ठेवा… नेमणूकपत्र हाती येईपर्यंत दुसरी मुलाखत सोडू नका.

घरातले वडीलधारे म्हणतील, हे शब्द फिरवणं झालं. तसं नाही. शब्द अजून कुणी दिलेलाच नाही… कंपनीनेही नाही. तीही एका जागेसाठी अनेकांना भेटते. उमेदवार शोधून देणाऱ्या मधल्या एजन्सीला बहुधा उमेदवार रुजू झाल्यावरच कंपनीकडून मोबदला मिळतो. म्हणून ती घाई करते. घाई तिची आहे, तुमची नाही. म्हणून पुन्हा सांगते… पत्र हाती येईपर्यंत दुसरी मुलाखत सोडू नका. लपवाछपवीही नको. “आणखी एका ठिकाणी बोलणं चालू आहे, निकाल कधी कळेल?” असं सरळ विचारा. कंपनीचे लोक चिडतील, अशी भीती वाटते. पण ऐन रुजू होण्याच्या दिवशी नकार ऐकण्यापेक्षा त्यांनाही हे सोयीचं. सांगितलेली तारीख उलटली, तर एकदा नम्रपणे ईमेल करा. रोज फोन नको.

आणि कुणी ‘फाइल पुढे सरकवायला’ पैसे मागितले, तर तिथेच थांबा. बुलढाण्यात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. तिथे विचारा. राज्य सरकारच्या महास्वयम् संकेतस्थळावर नाव नोंदवायला एक रुपयाही लागत नाही.